क्यूओएस राउटरचा अनुभव: महागड्या प्लॅनआधी अपलोडची रांग पाहावी

नागपूरच्या मनीषनगरमधील आमच्या घरी ४० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. फोनमधील फोटोंचा बॅकअप सुरू झाला की मुलीच्या ऑनलाइन क्लासचा आवाज तुटत असे. तक्रार केली की कंपनीचे एकच उत्तर येई: स्पीड टेस्ट बरोबर आहे, १०० चा प्लॅन घ्या. दरमहा जादा पैसे भरणे पटेना, म्हणून सीताबर्डीतून क्यूओएस (कोणत्या वापराला आधी वाट द्यायची हे ठरवण्याची सोय) असलेला राउटर आणला.

खोक्यावर ठळक छापलेली प्राधान्याची सोय एकटी काहीच करू शकली नाही. राउटर कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्याकडे गिगाबिट वेगाने पाकिटे (डेटाचे छोटे तुकडे) ढकलतो आणि रांग त्या डब्यात साचते, जिथे राउटरचे प्राधान्य चालत नाही. प्राधान्य दाखवणाऱ्या १९९८ च्या डिफसर्व्ह पद्धतीत पाकिटावर ६ बिटांची खूण असते आणि आवाजासाठी ४६ हा क्रमांक रूढ आहे. पण वाटेतील इतर नेटवर्क ती खूण मानतीलच असे नाही.

खरा गुण अपलोडच्या मर्यादेत आहे, आणि त्यासाठीच मी हे लिहितो आहे. राउटरमध्ये अपलोड ३६ एमबीपीएसवर बांधताच रांग राउटरच्या ताब्यात आली. तेथे एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळणारी पद्धत प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देते आणि पाकिटांचा खोळंबा १०० मिलिसेकंद सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला, तर पाकिटे टाकून पाठवणाऱ्याला वेग कमी करायला लावते. बॅकअप चालू असताना ३०० मिलिसेकंदांच्या वर जाणारा पिंग (पाकीट जाऊन उत्तर येण्याचा वेळ) २५ च्या आसपास स्थिरावला. डाउनलोड मिळाल्याच्या, अपलोडमधून जाणाऱ्या पोचपावत्या अडकेनाशा झाल्याने डाउनलोडही सुधारले. तेव्हा मी पाच तारे दिले होते.

मे महिन्यात त्यातील एक तारा मी कमी केला. सुट्या आणि नागपूरचे ऊन यांमुळे परिसर दिवसभर घरातच असतो. आमच्या जोडणीचा वेग कधीकधी ३० वर उतरू लागला, ३६ ची मर्यादा निरर्थक ठरली, रांग परत डब्यात साचू लागली आणि आवाज पुन्हा तुटला. मर्यादा २७ वर आणली की क्लास नीट चालतो, पण पैसे ४० चे भरत असताना हा तोटा मला खटकतो. भार असतानाच्या विलंबाचे आलेख कंपनीला पाठवले, तरी त्यांनी रिकाम्या जोडणीवरची स्पीड टेस्टच मागितली. ग्राहकाच्या अडचणीचे मोजमापच नाकारणे हे मला अत्यंत चुकीचे वाटते.

घेणाऱ्यांनी एफक्यू-कोडेल किंवा तशीच केक ही पद्धत आहे का आणि ते चालू ठेवून प्रोसेसर किती एमबीपीएस पेलतो, हे आधी विचारावे. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मुक्त सॉफ्टवेअरवर विलंब मोजून मर्यादा आपोआप बदलणारी केक-ऑटोरेट ही स्क्रिप्ट मिळते. तशी सोय या राउटरमध्ये आली, तर पाचवा तारा परत देईन.