गॅरेजच्या भिंती, सिमेंट प्रायमर आणि 650 वॅटची स्प्रे गन

हातात धरून चालवायची, 650 वॅटची विजेची स्प्रे गन सांगलीच्या बाजारात तीन हजार रुपयांच्या आसपास मिळते. तिच्याबरोबर सुमारे 800 मिलिलिटरचे प्लास्टिकचे भांडे, दोन-तीन मापांच्या तोट्या, माल कितपत पातळ झाला आहे हे पाहण्यासाठी बुडाला छिद्र असलेला एक छोटा कप आणि बारीक अक्षरांतले माहितीपत्रक मिळते. एकाच साच्यातून निघालेले हे यंत्र वेगवेगळ्या नावांची लेबले लावून विकले जात असल्यामुळे नावाला फारसे महत्त्व नाही. विश्रामबाग भागातील आमच्या गॅरेजला नवा गिलावा करून घेतला होता आणि तो पुरेसा वाळल्यावर पाण्यात मिसळणारे सिमेंट प्रायमर मारण्यासाठी ही गन मी वापरली. गॅरेज 10 फूट रुंद, 18 फूट लांब आणि 9 फूट उंच आहे. समोर शटर असल्यामुळे रंगवायच्या भिंती तीनच, म्हणजे साधारण 400 चौरस फूट. एवढ्या कामासाठी मी या गनला पाचपैकी साडेतीन गुण देईन. गेलेला दीड गुण मोटरीचा नसून बहुतांशी माहितीपत्रकाचा आहे, कारण प्रायमर मारताना गन ज्या ज्या कारणांनी अडते त्यांतील एकाचेही धड स्पष्टीकरण त्यात नाही.

गन अडली म्हणजे नेमके काय अडले, हे ओळखण्यासाठी तिची रचना थोडी समजून घ्यावी लागते. मोटरीला जोडलेला पंखा हवा ओढून पुढे ढकलतो. या हवेचा मोठा भाग तोटीभोवतीच्या टोपीतून बाहेर पडतो आणि मालाचे बारीक तुषार करतो. उरलेली थोडी हवा एका बारीक नळीतून भांड्यात शिरते आणि मालावर दाब देऊन त्याला शोषनळीतून वर चढवते. हा दाब अगदी किरकोळ असतो. एअरलेस यंत्रात, म्हणजे हवेऐवजी नुसत्या पंपाच्या जोरावर माल फवारणाऱ्या यंत्रात, पंप 2000 ते 3000 पीएसआय (चौरस इंचामागे पौंड) दाब निर्माण करतो, तर या वर्गातील गनमध्ये टोपीपाशी हवेचा दाब 10 पीएसआयच्या आतच असतो. त्यामुळे जाड माल जबरदस्तीने बाहेर काढण्याची ताकद या यंत्रात नाही, आणि सिमेंट प्रायमर तर मुळात जाड, भरपूर भुकटी असलेला माल आहे. गनविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या दोन गोष्टींच्या विसंगतीत सापडते.

प्रायमरचा डबा उघडल्यावर पहिले काम ढवळण्याचे. त्यातील चुनखडीची पूड आणि रंगद्रव्य तळाशी बसलेले असते. वरवर ढवळून माल ओतला तर पहिली भांडी पातळ निघतात, शेवटची भांडी गनमधून निघतच नाहीत आणि भिंतीवर दोन्हींचा फरक दिसतो. लाकडी पट्टी तळाला टेकवून, खालचा गाळ पूर्ण सुटेपर्यंत ढवळावे. त्यानंतर डब्यावर छापलेल्या प्रमाणात पाणी घालावे, आणि गनसाठी आणखी पातळ करायची गरज भासल्यास लिटरमागे साधारण 50 मिलिलिटर पाण्याचा एकेक टप्पा करत पुढे जावे. सोबतचा कप येथे खरोखर उपयोगी पडतो. कप काठोकाठ भरून सोडला की धार तुटेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचे, आणि ज्या सेकंदाला गन व्यवस्थित चालली तो आकडा डब्याच्या झाकणावर पेन्सिलीने लिहून ठेवायचा. पुढचे प्रत्येक मिश्रण त्या आकड्याशी जुळवले की अंदाजाचा प्रश्न उरत नाही. माहितीपत्रकात मात्र याविषयी ‘आवश्यकतेनुसार पातळ करावे’ एवढेच वाक्य आहे. दुसरीकडे, गन चालावी म्हणून पाणी ओततच राहणे हाही उपाय नव्हे. प्रायमरमधील चिकट द्रव्य प्रमाणाबाहेर विरळ झाले की वाळल्यानंतर भिंतीवरून हात फिरवताच पांढरी पूड लागते, आणि अशा थरावर मारलेला महागडा रंगही पुढे पोपडे धरून निघतो. प्रमाण मर्यादेच्या आत ठेवूनही माल चढत नसेल, तर पाणी वाढवण्याऐवजी मोठ्या छिद्राची तोटी लावावी. माझ्या संचातील सर्वांत मोठ्या, 2.6 मिलिमीटरच्या तोटीनेच प्रायमर समाधानकारक निघाले, 1.8 मिलिमीटरची तोटी पॉलिश किंवा पातळ व्हार्निशसाठी ठीक आहे.

गाळण्याची पायरी टाळता येत नाही. नवा, सीलबंद डबाही याला अपवाद नाही. डब्याच्या कडेला वाळलेले कण, एकदा उघडून ठेवलेल्या डब्यावर धरलेली साय, पाणी घालताना राहिलेल्या गुठळ्या, यांतील एखादा कणही तोटी तुंबवायला पुरतो. रंगाच्या दुकानातील कागदी गाळणी उत्तम. ती नसेल तर जुन्या नायलॉनच्या ओढणीचा दुहेरी तुकडा चालतो. सुती कापड वापरू नये, कारण त्याचे तंतू सुटून मालात उतरतात.

आता खुद्द गनच्या बिघाडाविषयी. घोडा दाबला, मोटर फिरली, हवा सुटली, पण माल आला नाही, अशा वेळी दोष मालाचा की यंत्राचा हे ठरवण्याची सर्वांत सोपी कसोटी म्हणजे भांड्यात साधे पाणी भरून गन जुन्या पुठ्ठ्यावर चालवून पाहणे. पाणी एकसारखे उडाले तर गन निर्दोष आहे आणि प्रायमर जाड आहे किंवा गाळलेले नाही. पाणीही उडाले नाही, तर हवेचा किंवा मालाचा मार्ग कोठेतरी बंद आहे. ही कसोटी करण्याआधीच गन खोलून बसणारे किंवा ती पिशवीत घालून दुकान गाठणारे पुष्कळ असतात.

पाणीही उडत नसेल तर सर्वप्रथम भांड्याच्या तोंडाशी असलेले रबरी वॉशर पाहावे. ते दुमडले असेल, किंवा भांडे आट्यांवर तिरके बसले असेल, तर आतली हवा बाहेर निसटते आणि माल वर चढत नाही. ओला हात कडेभोवती फिरवला की हवेची गळती लगेच जाणवते. त्यानंतर हवा भांड्यात नेणारी बारीक नळी आणि तिच्या टोकाशी असलेल्या छोट्या डबीतील रबराचा पातळ पडदा तपासावा. भांड्यातील माल उलट दिशेने मोटरीकडे जाऊ नये म्हणून हा पडदा बसवलेला असतो. भरलेली गन आडवी ठेवली, किंवा भिंतीचा खालचा भाग मारताना ती फार कलली, की प्रायमर या डबीत शिरते, वाळते आणि पडदा चिकटून बसतो. तो हलक्या हाताने सोडवून कोमट पाण्यात धुतला की गन पुन्हा पूर्ववत चालू लागते. माझ्या मते हा या गनमधील सर्वांत नाजूक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे; माहितीपत्रकातील आकृतीत त्याला क्रमांक दिलेला आहे, पण त्याचे काम कोठेही सांगितलेले नाही. शेवटी शोषनळी वर घट्ट बसली आहे की नाही हे पाहावे. ती सैल असेल तर मालाबरोबर हवाही वर ओढली जाते.

दुसरी मोठी तक्रार असते ती एकसारखे तुषार न पडता मध्येच जाड शिंतोडे उडण्याची. याची कारणे वेगळी आहेत. पंख्यातून येणारी हवा काही वेळाने गरम होते, आणि सांगलीच्या एप्रिल-मेमधील उन्हात तर ती तोटीच्या टोकावरील प्रायमर काही मिनिटांत वाळवते. साचलेला हा थर फवाऱ्यामुळे तुकड्या-तुकड्यांनी सुटतो आणि भिंतीवर खडबडीत ठिपके पडतात. यासाठी ओले फडके जवळ ठेवून अधूनमधून टोक पुसून घ्यावे, आणि त्याआधी वीजजोडणी काढावी. तोटीची चकती सैल असणे, भांड्यातील माल शोषनळीच्या खाली जाणे आणि मागील हवेच्या गाळणीवर गिलाव्याची धूळ बसणे ही शिंतोड्यांची आणखी काही कारणे. शोषनळीचे वाकडे टोक कोणत्या बाजूला आहे यालाही महत्त्व आहे. भिंतीचा खालचा भाग मारताना ते पुढच्या बाजूला हवे. वरची कड किंवा छत मारताना गन मागे कलते, म्हणून तेव्हा ते मागच्या बाजूला फिरवावे. एवढ्या बदलाने भांड्यातील बराचसा माल शेवटपर्यंत वापरता येतो.

ज्या दुकानातून गन घेतली तेथील सेवेविषयीही थोडे लिहिले पाहिजे. गन मध्येच अडत असल्याचे सांगितल्यावर काउंटरवरील गृहस्थांनी माझ्या 20 मीटरच्या विस्तारित वायरला दोष दिला. हे हिशेबात बसत नाही. 650 वॅटचे यंत्र 230 व्होल्टवर तीन अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह घेते, आणि 0.75 चौरस मिलिमीटर तांब्याच्या 20 मीटर वायरमध्ये एवढ्या प्रवाहाने जेमतेम अडीच-तीन व्होल्ट पडतात. सैल प्लगमुळे मोटरीचा आवाज उतरू शकतो, ही शक्यता वेगळी. त्याच दुकानात रंग घ्यायला आलेल्या एका रंगाऱ्याने भांड्यात नजर टाकून “माल गाळून घ्या की ओ सर, मशीनला काय धाड भरलीय,” असे सांगितले, आणि निदान म्हणून ते अधिक अचूक होते. दुकानाच्या बाजूने एवढे मान्य करावे लागेल की त्यांनी गन उघडून पाहिली, पडदा स्वच्छ करून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

गन नीट चालू लागल्यावर निकाल भिंतीवर अवलंबून असतो. कोरा गिलावा पाणी झपाट्याने पितो, त्यामुळे फवारलेले प्रायमर पृष्ठभागावरच वाळते आणि बारीक छिद्रांत उतरत नाही. म्हणून एका वेळी तीन-चार फुटांचा पट्टा फवारून तो ओला असतानाच त्यावरून कोरडा रोलर फिरवावा, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. मग रोलरच का वापरू नये, हा प्रश्न रास्त आहे. फरक असा की माल भिंतीवर पोहोचवण्याचे कष्ट गन वाचवते आणि खडबडीत गिलाव्याच्या खाचाखोचांत ती ब्रशपेक्षा लवकर पोहोचते. गन भिंतीपासून 25 ते 30 सेंटिमीटरवर, भिंतीला काटकोनात ठेवून मनगट न वळवता संपूर्ण हात सरकवावा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. जवळून मारल्यास ओघळ येतात. लांबून मारल्यास तुषार वाटेतच वाळून भिंतीवर भुकटीसारखे बसतात. फवारण्यापूर्वी पॉलिश पेपरने सुटी वाळू काढून भिंत झाडून घ्यावी, अन्यथा प्रायमर धुळीलाच चिकटते.

कृष्णेच्या पुराचे पाणी 2019 आणि 2021 मध्ये ज्या भागांत शिरले होते, तेथील गॅरेजविषयी वेगळा सल्ला द्यावा लागेल. अशा भिंतींना लोणा लागलेला असतो आणि पांढरे क्षार वर येत राहतात. हे क्षार खरवडून काढल्याशिवाय आणि ओल पूर्ण जाऊ दिल्याशिवाय गनने, ब्रशने किंवा रोलरने मारलेले कोणतेही प्रायमर टिकत नाही. तेथे यंत्राला दोष देणे अन्यायाचे ठरेल.

टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचे तेलकट प्रायमर या गनमधून बंद गॅरेजमध्ये मुळीच फवारू नये. तिच्या मोटरीत कार्बन ब्रश असतात आणि चालताना तेथे ठिणग्या उडतात. हवेत ज्वलनशील वाफ साठली असेल तर परिणाम सांगायला नको. दुचाकी आणि पेट्रोलचा कॅन आधी बाहेर काढावा, शटर पूर्ण उघडे ठेवावे. पाण्याच्या प्रायमरसाठी एन-95 मुखपट्टी आणि चष्मा पुरतो, परंतु तीच मुखपट्टी टर्पेंटाइनची वाफ अडवत नाही. हवेत तरंगणारे तुषार शेजारच्या गाडीवरही जाऊन बसतात, याचा अनुभव शेजाऱ्यांना येण्यापूर्वी दाराशी प्लास्टिकचा पडदा लावलेला बरा.

साफसफाईला गन जो वेळ घेते, तो खरेदीपूर्वीच हिशेबात धरावा. काम संपताच भांड्यात पाणी घेऊन ते स्वच्छ येईपर्यंत फवारावे, नंतर तोटीचे छिद्र उघड-बंद करणारी आतली सुई, तोटी, टोपी आणि पडदा सुटे करून धुवावेत. तोटीच्या छिद्रात तार किंवा टाचणी घालू नये. छिद्र किंचितही ओरबाडले गेले तर फवाऱ्याचा पट्टा कायमचा वाकडा होतो. दातांचा जुना ब्रश पुरेसा आहे. एकाच खोलीसाठी एवढा खटाटोप अनेकांना परवडणार नाही, आणि त्यांनी सरळ नऊ इंची रोलर घ्यावा. मार्केट यार्डातील हळदीच्या गोदामाएवढ्या भिंती असतील तर ही गन अगदीच तोकडी पडेल. तेथे एअरलेस यंत्र भाड्याने आणून 517 क्रमांकाची तोटी लावणे योग्य. या क्रमांकातील पहिल्या अंकाची दुप्पट म्हणजे 10 इंच हा एक फूट अंतरावरून पडणारा पट्टा, आणि 17 म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेले छिद्र. मात्र त्या यंत्राच्या तोटीसमोर बोट कधीही नेऊ नये, कारण तेवढ्या दाबाचा रंग कातडी भेदून आत शिरतो आणि वरून किरकोळ दिसणाऱ्या जखमेलाही तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.

गॅरेज, कुंपणाची भिंत, लोखंडी जाळीचे दरवाजे, बाकडी अशी मधल्या आकाराची कामे ज्यांच्याकडे वरचेवर निघतात, त्यांनी ही गन घेण्यास हरकत नाही. घेतानाच भांड्याचे जादा वॉशर, रबरी पडदा आणि मोठ्या छिद्राची आणखी एक तोटी मागून घ्यावी. मी नंतर विचारले तेव्हा हे भाग सुटे मिळाले नाहीत, आणि हमीपत्रात तोटी तुंबणे हा बिघाड म्हणून धरलेला नाही.