व्हिम की ईमॅक्स: भांडणातले विनोद किती खरे, आणि शिकायचं काय

माझी भाची कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "मामा, व्हिम शिकू की ईमॅक्स? दोन दिवस वाचतेय, नुसते जोक आणि भांडणं. कामाचं कुणी सांगतच नाही." फोनवर तिला जे सांगितलं ते घाईत सांगितलं, म्हणून इथे नीट लिहितोय. व्हिम आणि ईमॅक्स हे कोड आणि मजकूर लिहायचे दोन जुने एडिटर, आणि दोघांच्या चाहत्यांमधलं भांडणही जुनंच. या भांडणातले विनोद मला मनापासून आवडतात. त्यांतला जवळपास प्रत्येक विनोद कुठल्या तरी खऱ्या अडचणीतून जन्मला आहे. कुठली अडचण अजून शिल्लक आहे आणि कुठली कधीच संपली, एवढं तपासलं की अर्धी निवड तिथेच होते.

दोघांचं मूळ एकाच वर्षातलं, १९७६ सालचं. कॅलिफोर्नियात बर्कलीला बिल जॉय यांनी व्हिमचा पूर्वज व्ही-आय लिहिला, त्याच सुमारास अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी गाय स्टील यांच्या साथीने टेको नावाच्या जुन्या एडिटरवर ईमॅक्स रचला. जॉय ३०० बॉडच्या मोडेमवर काम करत. अक्षरं पडद्यावर इतकी सावकाश उमटत की एकेक कळ वाचवणं भाग होतं, म्हणून व्ही-आयच्या आज्ञा एकेका अक्षराच्या झाल्या. त्यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर, म्हणजे पडदा आणि की-बोर्ड एकत्र असलेल्या यंत्रावर, बाणांची चित्रं एच, जे, के, एल या कळांवरच छापलेली होती आणि एस्केपची कळ आज टॅब असते तिथे, क्यूच्या शेजारी होती. एमआयटीचे की-बोर्ड वेगळे. तिथे कंट्रोलची कळ स्पेसबारला लागून, अंगठ्याखाली येत असे. म्हणजे आज ज्यांना आपण दोन पंथ म्हणतो, ते मुळात दोन की-बोर्ड होते.

आज आपण वापरतो तो ग्नू ईमॅक्स १९८५चा. व्ही-आयचा सुधारलेला अवतार असलेला व्हिम १९९१चा, नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी अमिगा संगणकावर लिहिलेला.

"व्हिममधून बाहेर कसं पडायचं?"

हा विनोद सगळ्यांत प्रसिद्ध. यादृच्छिक अक्षरं हवी असतील तर नवशिक्याला व्हिमसमोर बसवा आणि बाहेर पडायला सांगा, असं म्हणतात. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा हा प्रश्न २०१७ सालापर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता.

मीही त्या दहा लाखांतला. पहिल्या नोकरीत रात्री अकरा वाजता एका सर्व्हरवरची सेटिंगची फाइल बदलायची होती. फाइल उघडली, टाइप करायला लागलो, तर अक्षरं उमटेनात. कर्सर उड्या मारायला लागला, एक ओळ गायब झाली, मग आणखी दोन. घाम फुटला आणि मी सरळ खिडकी बंद केली. सकाळी सीनियरने तीच फाइल उघडली तेव्हा स्वॅप फाइल, म्हणजे व्हिमने अर्धवट कामाची ठेवलेली प्रत, सापडल्याची लांबलचक सूचना आली. त्यांनी ती शांतपणे वाचली, मूळ फाइल जशीच्या तशी असल्याचं मला दाखवलं आणि शेजारी बसवून चार कळा शिकवल्या: एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह. शेवटी एंटर. सेव्ह न करता बाहेर.

तर हा विनोद अजून खरा आहे, पण पहिल्या दिवसापुरता. व्हिम उघडतो तो आज्ञेच्या अवस्थेत, लिहिण्याच्या नाही. लिहायचं तर आय दाबायचं, लिहून झालं की एस्केप. ही सवय लागायला आठवडा पुरतो. त्या आठवड्यानंतर जे हाती येतं त्याला मी व्याकरण म्हणतो. डी म्हणजे खोड, डब्ल्यू म्हणजे शब्द. डी, दोन, डब्ल्यू म्हणजे दोन शब्द खोड. सी, आय आणि अवतरणचिन्ह म्हणजे अवतरणाच्या आतलं सगळं काढ आणि नवं लिहू दे. मराठीत आपण क्रियापद शेवटी ठेवतो, इथे ते आधी येतं, एवढाच फरक. आणि पूर्णविरामाची कळ दाबली की शेवटचा बदल जसाच्या तसा पुन्हा होतो. चाळीस ओळींत तोच बदल करायचा असेल तेव्हा या एका कळेची किंमत कळते.

हे व्याकरण व्हिमबाहेरही चालतं. व्हीएस कोड, इंटेलिजे यांसारखे दुसरे एडिटर, अगदी ब्राउझरमध्येसुद्धा व्हिमच्या कळा देणारी एक्स्टेन्शन आहेत. शिवाय युनिक्ससारख्या प्रणालींत काय काय असावं हे ठरवणाऱ्या पॉझिक्स मानकात व्ही-आय आहे, त्यामुळे जवळजवळ कुठल्याही युनिक्स वा लिनक्स सर्व्हरवर तो किंवा त्याचा एखादा वंशज सापडतो. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिटसुद्धा, तुम्ही काही सांगितलं नसेल तर, सहसा हाच उघडतो. परक्या मशीनवर, रात्री, घाईत, काही इन्स्टॉल करायची परवानगी नसताना हाताशी असणारा एडिटर हाच.

"आठ मेगाबाइट आणि सतत स्वॅपिंग"

ईमॅक्सच्या इंग्रजी अक्षरांची "एट मेगाबाइट्स अँड कॉन्स्टंटली स्वॅपिंग" अशी फोड करून केलेला हा जुना टोमणा. स्वॅपिंग म्हणजे मेमरी अपुरी पडल्याने डिस्कवर सतत ने-आण. एके काळी आठ मेगाबाइट मेमरी म्हणजे चैन होती. आज आठ गिगाबाइटचा फोन खिशात असतो, म्हणजे त्याच्या हजारपट. हा विनोद पूर्ण शिळा झाला. ईमॅक्स उघडायला व्हिमपेक्षा वेळ लागतो हे मात्र खरंय, विशेषतः त्यात बरीच पॅकेजेस भरली की. त्यावरचा उपाय म्हणजे तो सकाळी एकदा पार्श्वभूमीवर चालू ठेवायचा आणि दिवसभर त्यालाच नव्या खिडक्या मागायच्या.

दुसरी फोड "एस्केप मेटा ऑल्ट कंट्रोल शिफ्ट" अशी. हा विनोद दुखरा आहे. कंट्रोल अंगठ्याखालून करंगळीखाली गेला, पण ईमॅक्सच्या आज्ञा बदलल्या नाहीत. सेव्ह करायला कंट्रोल-एक्स, कंट्रोल-एस. बाहेर पडायला कंट्रोल-एक्स, कंट्रोल-सी. दिवसाला आठ तास हे केलं तर करंगळी दुखते, माझी दुखली आहे. ईमॅक्स घेणार असाल तर पहिल्याच दिवशी कॅप्स लॉकच्या कळेला कंट्रोल करून टाका. ही गोष्ट मी भाचीला दोनदा सांगितली.

"उत्तम ऑपरेटिंग सिस्टीम, फक्त एक चांगला एडिटर हवा"

हा ईमॅक्सवरचा विनोद टीका म्हणून केला जातो. मला तो वर्णन म्हणून अचूक वाटतो. ईमॅक्सच्या पोटात लिस्प या प्रोग्रामिंगच्या भाषेचा इंटरप्रिटर, म्हणजे ती भाषा तिथल्या तिथे चालवणारा प्रोग्राम, आहे आणि एडिटरचा बहुतेक भाग त्याच भाषेत लिहिलेला आहे. चालू एडिटरमधलं एखादं फंक्शन तुम्ही तिथेच बदलता आणि पुढच्या क्षणी एडिटर बदललेला असतो. कंट्रोल-एच, के आणि मग कुठलीही कळ दाबली, की ती कळ काय करते ते ईमॅक्स स्वतः सांगतो, तिचा मूळ कोडही उघडून दाखवतो. शिकणाऱ्याला असा मोकळेपणा देणारी दुसरी साधनं मी फार पाहिली नाहीत.

आणि ऑर्ग-मोड. खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी तो २००३ साली सुरू केला. साध्या मजकुराची फाइल; तारांकन दिलं की शीर्षक, टॅब दाबला की त्याखालचं सगळं मिटतं, पुन्हा दाबला की उघडतं. त्यातच कामांची यादी, तारखा, कोष्टकं, कोडचे तुकडे. माझ्या गेल्या नऊ वर्षांच्या नोंदी त्यात आहेत आणि त्या कुठल्याही एडिटरमध्ये वाचता येतात. व्हिममध्ये याची नक्कल करणारी प्लगिन आहेत, पण ती नक्कलच वाटते. गिट ईमॅक्सच्या आतूनच चालवणाऱ्या मॅजिट या पॅकेजबद्दलही मी हेच म्हणेन.

सर्व्हरवरच्या कामात ईमॅक्स अगदीच लंगडा पडतो असंही नाही. ट्रॅम्प नावाची सोय त्यात आधीपासून आहे. तिने दूरच्या मशीनवरची फाइल आपल्या लॅपटॉपवरच्या ईमॅक्समध्ये उघडते. नेटवर्क संथ असलं तर मात्र वैताग येतो.

मराठी लिहिणाऱ्यांचा प्रश्न

यावर भांडणात कुणी बोलत नाही आणि आपल्याला तर हेच लागतं. व्हिमच्या आज्ञा इंग्रजी अक्षरांच्या. संगणकाचा की-बोर्ड इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या मांडणीवर टाकून मराठी लिहिलं, एस्केप दाबला आणि खाली जायला इंग्रजी "जे"ची कळ दाबली, तर व्हिमला "जे" पोचतच नाही. इनस्क्रिप्टमध्ये त्या कळेवर र आहे, केवर क, एलवर त, एचवर प. म्हणजे प्रत्येक एस्केपनंतर की-बोर्ड इंग्रजीवर आणायचा, लिहायला लागताना परत मराठीवर. एका परिच्छेदात वीस वेळा. व्हिममध्ये यासाठी कीमॅप नावाची सोय आहे, जी फक्त लिहिण्याच्या अवस्थेत अक्षरं बदलते. ती जुळवली तर हा त्रास संपतो, पण जुळवावी लागते.

दुसरा अडथळा पडद्यावरचा. आजचं टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. व्हिम सहसा तिच्यातच चालतो आणि ती प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट देते. आपली जोडाक्षरं आणि वेलांट्या त्या चौकटीत बसत नाहीत. "क्षत्रिय" लिहिलं तर बऱ्याच टर्मिनलांत तुकडे दिसतात आणि कर्सर एकीकडे, अक्षर दुसरीकडे. हा दोष व्हिमचा नाही, टर्मिनलचा आहे, पण भोगतो आपण.

ईमॅक्स स्वतःच्या खिडकीत चालतो. २०२०च्या २७व्या आवृत्तीपासून अक्षरजुळणीसाठी त्यात हार्फबझ नावाची सोय आहे, त्यामुळे देवनागरी छापल्यासारखी दिसते. देवनागरी लिहिण्याच्या पद्धतीही आतच आहेत, इनस्क्रिप्ट आणि इंग्रजी अक्षरांतून उच्चाराप्रमाणे लिहायची आयट्रान्स, दोन्ही. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की मराठी, पुन्हा दाबली की इंग्रजी. संगणकाचा की-बोर्ड इंग्रजीतच राहतो, म्हणून आज्ञा अडत नाहीत. २९व्या आवृत्तीपासून मोडी लिपीचीही सोय आली. जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका एडिटरमध्ये आपल्या मोडीला जागा मिळाली याचा मला किती आनंद झाला हे शब्दांत सांगता येणार नाही.

मराठीत लांब मजकूर लिहिणाऱ्याने ईमॅक्स घ्यावा. यावर मी वाद घालायला तयार आहे.

धर्मयुद्ध

स्टॉलमन स्वतः भाषणात झगा घालत, जुन्या डिस्कच्या चकतीचं प्रभामंडळ डोक्यामागे लावत आणि "चर्च ऑफ ईमॅक्स"चे संत म्हणून आशीर्वाद देत. रोमन अंकांत व्ही-आय म्हणजे सहा, तीनदा लिहिलं की ६६६, बायबलमधल्या श्वापदाचा आकडा. पण व्ही-आयची मुक्त आवृत्ती वापरणं पाप नाही, प्रायश्चित्त आहे, असंही ते म्हणत. पलीकडे मोलेनार यांनी व्हिमच्या पहिल्याच पडद्यावर युगांडातल्या गरजू मुलांना मदत करा अशी ओळ ठेवली. व्हिम आवडला तर पैसे तिकडे द्या, हीच त्यांची विनंती. ऑगस्ट २०२३मध्ये ते गेले. जानेवारी २०२४मध्ये आलेली ९.१ आवृत्ती त्यांना अर्पण केलेली आहे. त्या दिवसांत ईमॅक्सवाल्यांनीही त्यांच्याबद्दल किती आदराने लिहिलं होतं, ते मी वाचलं आहे.

प्रत्यक्षात दोन्ही छावण्या एकमेकींच्या घरात राहतात. बॅश टर्मिनलमध्ये ओळीच्या सुरुवातीला जायला कंट्रोल-ए, शेवटी जायला कंट्रोल-ई, या ईमॅक्सच्या कळा आहेत. कट्टर व्हिमवालाही त्या दिवसभर दाबतो. आणि ईमॅक्समध्ये ईव्हिल नावाचं पॅकेज घातलं की व्हिमचं व्याकरण जवळजवळ पूर्ण मिळतं. मी स्वतः असाच राहतो: घर ईमॅक्सचं, बोली व्हिमची.

मग घ्यायचं काय

सर्व्हर सांभाळणं, नेटवर्क, सुरक्षा अशा वाटेने जाणार असाल तर व्हिम, दुसरा विचार नको. प्रोग्रामिंगसाठी रोजचा एडिटर म्हणून हवा असेल तर २०१४ साली व्हिमपासून फुटून निघालेला निओव्हिम पाहा. त्यात सेटिंग लुआ भाषेत लिहिता येतात आणि कोड समजून घेणारी एलएसपीची सोय आतच आहे. त्याची प्लगिन मात्र भराभर बदलतात, दर काही महिन्यांनी काहीतरी मोडतं आणि एखादा रविवार त्यात जातो. संशोधन, लेखन, भाषांतर, प्रबंध, नोंदी, आणि त्यातही मराठी असेल तर ईमॅक्स. त्याला वेळ द्यावा लागतो. पहिला महिना हात अडखळतात, तिसऱ्या महिन्यापासून सोडवत नाही.

व्हीएस कोड वापरता आणि काही अडत नाही, असं असेल तर दोन्ही सोडा, पण त्यात व्हिमच्या कळांचं एक्स्टेन्शन घालून महिनाभर बघा.

भाचीला अजून माहीत नाही तिला पुढे काय करायचंय. म्हणून तिला मी व्हिमपासून सुरू करायला सांगितलं. व्हिमसोबत व्हिमट्यूटर येतो. टर्मिनलवर तेच नाव टाइप केलं की अर्ध्या तासाचा धडा उघडतो, तो व्हिमच्या आतच वाचायचा आणि वाचता वाचता दुरुस्त करायचा. रोज एकदा, दहा दिवस. अकराव्या दिवशी ईमॅक्स घालायचा, त्यात ईव्हिल, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टच्या नोंदी ऑर्गमध्ये. काल तिचा मेसेज आला, मराठीत, ईमॅक्समधून कॉपी केलेला: "मामा, कॅप्स लॉक बदलला."