कुलवृत्तांत की तीर्थोपाध्यायांची वही?

वंशावळ जुळवताना एकाच पूर्वजाच्या दोन मृत्युतिथी किंवा दोन वडील समोर आले, की बहुतेक जण आधी छापील कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचे पुस्तक, उघडतात. मीही तेच केले होते. कुलवृत्तांत आणि तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांकडील नामावळीची वही (यात तेथे आलेल्या यजमानांची नावे नोंदलेली असतात) यांपैकी कशावर अधिक भार टाकावा, हे ज्यांना ठरवायचे आहे त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. तो एकाच घराण्याचा आहे, हे ध्यानात ठेवून वाचावा.

लेकी-सुनांच्या बाबतीत कुलवृत्तांताला तोड नाही. सून कोणत्या घरची, तिचे माहेरचे नाव काय, लेक कोठे दिली, हे तेथे मिळते. वहीत बायकांची नावे पुष्कळदा नसतातच. माझ्या पणजीचे माहेर मला कुलवृत्तांतामुळेच कळले.

मला खटकली ती एकच गोष्ट. ही माहिती संपादकांनी घरोघरी पत्रे पाठवून गोळा केलेली असते. कोणी जुने कागद पाहून लिहितो, कोणी आठवेल ते लिहितो, आणि छापल्यावर दोन्ही सारखेच ठाम दिसते. आमच्या वृत्तांतात खापरपणजोबा विठ्ठल गोविंद शके 1781 मध्ये (इसवी सन 1859-60) वारल्याचे छापले आहे. आजोबा मात्र सांगत, की त्यांच्या बारशाला विठ्ठलपंत हजर होते, आणि आजोबांचा जन्म 1900 च्या आसपासचा. ही तिथी कोणी कळवली, याचा त्या पानावर मागमूस नाही. विचारणार तरी कोणाला?

नाशिकला पंचवटीत आमच्या उपाध्यायांकडे गेलो. मूळ गाव आणि आडनाव सांगताच गुरुजींनी लाल बासनातून एक लांबट वही काढली आणि मोडीतल्या ओळींवरून बोट फिरवत वाचू लागले. शके 1823, प्लवनाम संवत्सर, म्हणजे इसवी सन 1901-02. खाली विठ्ठलपंतांची स्वतःची सही. वृत्तांताने ज्यांना बेचाळीस वर्षांपूर्वीच निजधामास पाठवले होते, ते गोदावरीत स्नान करून, सही ठोकून गेले होते. श्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह आणि प्रपितामह असे तिघे लागतात, म्हणून वहीतल्या लेखातही ते ओघाने आले होते: वडील गोविंद विठ्ठल, आजे विठ्ठल गोविंद. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या आपल्या रीतीमुळे घराण्यात दोन विठ्ठल गोविंद झाले होते; वृत्तांताने त्यांना एकच मानून आजोबांची तिथी नातवाला चिकटवली होती आणि वंशवृक्षातून दोन पिढ्या गाळल्या होत्या.

वहीचा त्रासही कमी नाही. उपाध्यायांच्या भाऊबंदकीत वह्याही वाटल्या गेलेल्या असतात, त्यामुळे मी आधी दोन दारांवरून परत आलो होतो. मोडी येत नसेल तर वाचणाऱ्यावर विसंबावे लागते. निदान शकाचा आकडा आणि संवत्सराचे नाव परस्परांशी जुळते का, एवढे आपण पंचांगावरून ताडून पाहू शकतो. सनात रूपांतर करताना सरसकट 78 मिळवू नयेत, कारण माघ-फाल्गुनातल्या तिथीला 79 लागतात; एका वर्षाच्या पुष्कळशा तफावती एवढ्यानेच मिटतात.

जमिनीच्या नोंदीतला वारसाचा फेरफार आधाराला चांगला, पण तो मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी झालेला असू शकतो. शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेविषयी काय बोलावे? शाळेतल्या गुरुजींच्या कृपेने निम्मे गाव 1 जूनला जन्मलेले असते.

प्रश्न एखाद्या स्त्रीविषयी असेल, तर माझ्या मते कुलवृत्तांतापासूनच सुरुवात करावी. एकाच नावाच्या दोन पुरुषांचा घोळ असेल, तर मात्र मी आधी नाशिकची गाडी धरीन. जाताना पणजोबांचे नाव आणि मूळ गाव पाठ असावे. हल्ली जेथे राहतो त्या गावावरून वही सापडत नाही.