अलामेडाच्या खाडीतली मरीना: बोट स्वस्त, जागा महाग

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला अर्धा खाडीच्या शांत पाण्याचा आहे, मरीनाचं त्यात काही कर्तृत्व नाही.

कॅलिफोर्नियात ओकलंड आणि अलामेडा यांच्यामधल्या खाडीत ओळीने मरीना, म्हणजे खासगी बोटी भाड्याने उभ्या करायचे धक्के, आहेत. त्यातल्या एकीत आमची कॅटलिना २७ ही शिडाची बोट उभी असते. कोणती ते लिहीत नाही, कारण पुढे कुरकुर बरीच आहे आणि आम्हाला तिथेच राहायचंय! सॅन फ्रान्सिस्को बे एरियातले आपले दोन-तीन जण हल्ली विचारू लागलेत की जुनी शिडाची बोट घ्यावी का. त्यांना खरा आकडा कळावा म्हणून हे लिहितेय.

कॅटलिना २७ ही १९७१ ते १९९१ या वीस वर्षांत साडेसहा हजारांहून जास्त बांधली गेली, त्यामुळे जुन्या बाजारात ढिगाने मिळते. आम्हाला ६,००० डॉलरला पडली. शिडं ठीक, इंजिन कुरकुरणारं पण चालू. नवऱ्याला वाटलं लॉटरी लागली. मग मरीनाचा करार हातात आला: महिन्याला फुटामागे १३.५० डॉलर, आणि मोजणी स्लिपच्या (म्हणजे धक्क्यावरच्या एका बोटीच्या जागेच्या) किंवा बोटीच्या लांबीवर, दोन्हींत जे जास्त असेल त्यावर. बोट कागदावर २६ फूट १० इंच. ऑफिसातल्या बाई स्वतः टेप घेऊन धक्क्यावर आल्या आणि पुढच्या नांगराच्या रोलरपासून मागे टांगलेल्या शिडीपर्यंत माप घेतलं. तेवढ्यात बोट दीड फुटाने वाढली. तरी त्या मापाचा उपयोग काही नव्हताच, कारण रिकामी स्लिप ३० फुटांचीच होती. महिना ४०५ डॉलर, वर्षाचे ४,८६०. म्हणजे सव्वा वर्षात बोटीच्या किमतीएवढं भाडं.

जुन्या बोटी स्वस्त का, याचं उत्तर इथेच आहे. विकणाऱ्याला पैसे मिळवायचे नसतात, भाडं थांबवायचं असतं. कितीतरी जण शेवटी बोट टाकूनच जातात. कॅलिफोर्निया सरकारने त्यासाठी योजनाच काढलीय, नको असलेली बोट मालकाकडून फुकट ताब्यात घेऊन मोडीत काढतात. आणि हो, बोट घेतली म्हणजे तिची स्लिपही आपली झाली असं समजू नका. जागा मागितल्यावर मरीना देईल तेव्हा मिळते. आधी ऑफिसात विचारा, मग पैसे मोजा.

भाड्याच्या पलीकडचे खर्च करारात एकेका ओळीत लपलेले असतात. विमा हवाच, आपल्या बोटीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर किमान ३,००,००० डॉलर भरून देणारा, आणि त्यात मरीनाचंही नाव घालून द्यायचं. वीज मीटरवर. १ जानेवारीला बोट ज्याच्या नावावर, त्याला काउंटीचा मालमत्ता कर, बोटीच्या ठरवलेल्या किमतीच्या एका टक्क्याहून थोडा जास्त. हे सगळं सोसण्यासारखं आहे.

खरा खर्च पाण्याखाली. माझं माहेर रेवदंड्याचं. तिकडे आगोटीला होड्या वर ओढतात, तळ खरवडतात, पावसाळाभर झाकून ठेवतात. इथे बोट बाराही महिने खाऱ्या पाण्यात. तळाला तांबं घातलेला रंग लावतात, तरी शेवाळ आणि शिंपले धरतातच. शिवाय या रंगातून तांबं किती वेगाने झिरपावं यावर कॅलिफोर्नियाने २०१८ पासून मर्यादा घातलीय. खाडीतल्या जीवांसाठी ते योग्यच आहे, पण घासाई वाढते. म्हणून पाणबुड्या ठेवावा लागतो. आमचा फुटामागे साडेतीन डॉलर घेतो, उन्हाळ्यात जवळजवळ दर महिन्याला, थंडीत जरा अंतराने. बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यावर बसवलेली जस्ताची कडीही तोच बदलतो. पाण्यातल्या विजेने गंज धरायचा तो आधी या जस्ताला धरतो आणि पंखा वाचतो. एकदा त्याने काढलेली जुनी कडी धक्क्यावर आणून ठेवली. मूळची अंगठाभर जाड, आता कडा कुरतडलेल्या आणि मधे हाताचं बोट जाईल एवढं भोक. इतक्या लवकर झिजली म्हणजे शेजारच्या कुणाच्या तरी वायरिंगमधून करंट पाण्यात गळतोय, असं त्याचं म्हणणं. ऑफिसला कळवलं, 'बघतो' म्हणाले. अजून बघतायत.

दोन-तीन वर्षांनी दुरुस्तीच्या यार्डात बोट पाण्याबाहेर उचलून नवा रंग द्यायचा, तो खर्च वर्षावर वाटून धरला तर एकूण सात हजारांच्या आसपास जातात. ज्या वर्षी काही मोडत नाही त्या वर्षीचा हा हिशेब.

आता मरीनाबद्दल. चांगलं आधी सांगते. २०२३ च्या उन्हाळ्यात या खाडीत चोऱ्यांचा सुळसुळाट झाला होता, छोट्या होड्या, इंजिनं, काही अख्ख्या बोटीसुद्धा गेल्या. त्यानंतर इथे फाटकं बदलली, रात्री माणूस फिरतो, दिवे खरंच लागतात. धक्क्याच्या फळ्या धड आहेत. मैल्याची टाकी उपसायचा पंप फुकट आणि बहुतेक वेळा चालू. शॉवरला गरम पाणी येतं, हे लिहावं लागतंय यावरून इतर ठिकाणांचा अंदाज घ्या.

वाईट म्हणजे गाळ. आमच्या बोटीला चार फूट पाणी लागतं. हिवाळ्यात मोठी ओहोटी दुपारी येते, नेमकी आपण बाहेर पडायच्या वेळी, आणि आमच्या रांगेत तेव्हा कील, म्हणजे बोटीच्या तळाची जड पाती, चिखलात रुतते. भाडं पूर्ण घ्यायचं आणि पाणी अर्धंच द्यायचं! गाळ काढणं महाग आहे, माशांच्या हंगामामुळे ठरावीक महिन्यांतच परवानगी मिळते, ते सगळं समजतं. पण गेल्या भाडेवाढीच्या पत्रात कारण म्हणून 'गाळ काढणे' असंच लिहिलं होतं. भाडं त्याच महिन्यापासून वाढलं. गाळ आहे तिथेच आहे.

दुसरी गोष्ट, बंदराच्या मोठ्या क्रेनांखालून उघड्या बेमध्ये, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या उपसागरात, पोचायला इंजिनावर पाऊण तास तरी लागतो. बर्कलीच्या मरीनातून निघालात तर तोंडातच गोल्डन गेटचा वारा, शिडं लगेच वर. पण तोच वारा उन्हाळ्यातल्या दुपारी परतताना नवशिक्याची परीक्षा बघतो. आम्ही खाडी निवडली ती सासूबाई येतात म्हणून. त्यांना बोटीवर बसून चहा प्यायचा असतो आणि कप कलंडलेला चालत नाही.

घरभाडं वाचवायला बोटीवरच राहू, असा बेत करणाऱ्यांसाठी: बेच्या नियमांनुसार मरीनातल्या साधारण दहा टक्केच जागा राहणाऱ्यांना देता येतात. त्यांचं भाडं वेगळं आणि रांग लांब.

महिन्यातून दोनदा तरी निघणार असाल तर घ्या. नाहीतर बर्कलीचा कॅल सेलिंग क्लब स्वयंसेवक चालवतात, तिथे सभासद व्हा, बोटी त्यांच्या, गाळही त्यांचा. आणि खाडीतच घ्यायची ठरली तर ऑफिसात दोन गोष्टी मागा: आत शिरताना बोटीचं नाक पश्चिमेकडे येईल अशी स्लिप, म्हणजे वारा समोरून येतो आणि वेग आपोआप मरतो, आणि मोठ्या ओहोटीच्या दिवशी ती स्लिप बघायची परवानगी. जाताना शिसाचं वजन बांधलेली दोरी न्या, खोली स्वतः मोजा. त्यांच्या नकाशावरचे आकडे गाळ साठायच्या आधीचे आहेत.