टाचेतला ‘पू’ आणि तुंबड्यांचं बिल

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी आमच्या मालवण तालुक्यात मला ज्या भोंदू वैद्यांच्या टोळीने गाठलं, तिची पद्धत जशीच्या तशी लिहितेय. यंदा ती माणसं दुसऱ्या एखाद्या बाजारात बसलेली असतील.

आधी माझ्या टाचेबद्दल. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुई घुसल्यासारखं व्हायचं. भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जायचं. डबे भरता भरता कळ बोथट व्हायची आणि मुलं एसटीत चढेपर्यंत मी ती विसरूनही जायचे. दुपारी जरा टेकून उठले की पुन्हा तेच. आमच्याकडे पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत, त्यामुळे संध्याकाळी भाकऱ्या, तळलेले मासे सगळं उभ्यानेच, आणि रात्री टाच ठणकायची. दुखण्याचं हे वेळापत्रक लक्षात ठेवा, पुढचा सगळा खेळ त्यावरच चालतो.

बाजारात चपला बघत होते. शेजारी एक बाई. “टाच दुखता काय गो बाय? माझ्या आवशीक असाच होता.” बोली आपलीच, हातात भाजीची पिशवी, गळ्यात मंगळसूत्र. तिने काही विकायला काढलं नाही, नंबर दिला नाही. एका लॉजवर वैद्य उतरलेत, आजचाच दिवस आहेत, एवढंच बोलून ती मासळीच्या रांगेत गेली. नंतर तीच बाई लॉजच्या जिन्यात कुणाशी तरी बोलताना दिसली.

खोलीबाहेर बराच वेळ बसवलं. मग नाव पुकारलं आणि एकदम उभं राहायला सांगितलं. साहजिकच कळ मस्तकात गेली. “बघा, किती मुरलंय!” मग थंडगार वासाचं तेल चोळून व्हरांड्यात फेऱ्या मारायला लावल्या. चाला, अजून चाला. दुखणं खरंच कमी झालं. ते रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात फुकटात कमी होत होतं, पण त्या तेलाच्या वासात हे कुणाच्या डोक्यात येणार? आधी ताटकळत बसवणं हा त्या उपचाराचाच भाग होता.

त्यानंतर तुंबडी. टाचेच्या कडेला टोचून पितळी नळी लावली, तोंडाने ओढलं आणि वाटीत पिवळट घट्ट काहीतरी टाकलं. “हाडातला पू.” दर आधीच सांगितला होता, एका तुंबडीला दोनशे रुपये. किती तुंबड्या लागतील ते मात्र सांगितलं नव्हतं. एक माणूस मोजत होता, भराभर, आणि मध्येच थांबलात तर उरलेला पू गुडघ्यात चढेल म्हणत होता. बिल आठ हजारांच्या वर गेलं. गणपतीच्या मखराच्या आणि माटवीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीच्या) सामानासाठी ठेवलेले पैसे यूपीआयने गेले, तेही भलत्याच नावावर. निघताना बजावलं, एकवीस दिवस डॉक्टरला पाय दाखवू नका, गुण जाईल. हे एकवीस दिवस त्यांना तालुका सोडून जायला पुरतात.

टोचलेली जागा सुजली तेव्हा नवऱ्याने सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरबाईंनी टाच दाबून पाहिली आणि मला काही प्रश्न विचारले. ताप होता का? टाच लाल, गरम होती का? हाडात पू झाला असता तर सकाळची कळ डबे भरेपर्यंत उतरली नसती, असं त्या म्हणाल्या. ते पिवळं बाहेरूनच आणलेलं होतं. पण पैशांपेक्षा त्यांना त्या सुईची काळजी जास्त होती. ती कुणाकुणाला टोचली होती कोण जाणे. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या झाल्या. तपासण्या काही काळाने पुन्हा कराव्या लागल्या, कारण लागण लगेच रक्तात दिसत नाही. रिपोर्ट नीट आले. तो मधला काळ मी कसा काढला ते लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या सासूबाईंना साखर आहे आणि तो माणूस त्यांनाही घेऊन यायला सांगत होता. साखरवाल्यांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते, एवढीशी जखमही चिघळते.

माझ्या दुखण्याचं नाव प्लांटर फॅसायटिस. टाचेच्या हाडापासून बोटांकडे जाणारा तळव्याचा जाड पट्टा सतत ताणला जाऊन दुखावतो. विश्रांतीत तो आखडतो, म्हणून पहिल्या पावलाला कळ, आणि चालल्यावर सैल पडतो. एक्स-रेत दिसणारं वाढलेलं हाड टाच न दुखणाऱ्या कितीतरी लोकांतही असतं, त्यामुळे ‘हाड विरघळवणाऱ्या’ औषधांनाही लांबूनच नमस्कार. बहुतेकांचं वर्षभरात साध्या उपायांनी बरं होतं, पण हळूहळू.

मला जमलं ते असं. अंथरुणातून उठण्याआधी टॉवेल तळव्याला अडकवून पाय स्वतःकडे ओढायचा. भात शिजेपर्यंत भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. मुलांचा अभ्यास घेताना बर्फ केलेली पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. आणि घरात मऊ चपला. यावर मात्र घरात मोठं राजकारण झालं. शेणाची जमीन जाऊन टाईल्स आल्या तरी स्वयंपाकघरात चपला म्हणजे सासूबाईंना विटाळच. शेवटी बाहेर कधीच न जाणारा एक जोड ठरला, आणि देवघराच्या उंबऱ्याशी तो काढायचा.

पोलीस ठाण्यात गेलो तोवर खोली रिकामी होती आणि लॉजच्या रजिस्टरात अर्धवट पत्ता. नोंदणी नसताना उपचार करणं महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, 1961 खाली गुन्हा आहे आणि फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडेही लेखी तक्रार देता येते, बोगस डॉक्टर शोधायच्या समित्या त्यासाठीच आहेत. मी अर्जाला पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि आरोग्य केंद्राचा केसपेपर जोडला. वाटीतलं ते पिवळं कुणी पुडीत बांधून आणलं असेल तर फेकू नका, तेही द्या. माझ्याकडे ते नव्हतं, आणि पोलिसांनी पहिल्यांदा तेच मागितलं.