सैन्य भरती अकॅडमीत भाच्याला सहा महिने ठेवलं, त्याचा रिव्ह्यू

अकॅडमीचं नाव लिहित नाही. नाव टाकलं की भांडण नावावरून होतं आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. सातारा-सांगली पट्ट्यात आहे, हायवेला लागून पत्र्याचं मोठं शेड, कमानीवर रणगाड्याचं चित्र आणि निवड झालेल्या पोरांचे फोटो, आपल्याकडं अशा बऱ्याच आहेत त्यामुळं ओळखायच्या मागं लागू नका. मी स्वतः १९९४ ला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो, बेळगाव सेंटरला ट्रेनिंग केलं आणि २०१८ ला हवालदार म्हणून पेन्शनला आलो. माझ्या अक्काचा पोरगा बारावी झाला आणि म्हणाला मामा मला अग्निवीरचा, म्हणजे फौजेतल्या चार वर्षांच्या भरतीचा फॉर्म भरायचाय, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये त्याला तिथं टाकला.

आधी पैशाचं सांगतो. राहून जेवून महिना ९ हजार, ॲडमिशनचे ५ हजार, डिपॉझिट २ हजार आणि ट्रॅकसूट, शूज, टोपी, बॅग मिळून साडेतीन हजार. सहा महिन्यांत साधारण पासष्ट हजार गेले. अक्कानं बचतगटाचं कर्ज काढून आणि दुधाचे पैसे साठवून भरले. मी देतो म्हणलं तर ऐकली नाही, म्हणली माझ्या लेकराचं मीच करणार.

आमच्या पारावर पेन्शनर मंडळी बसतात, तिथं रोज एकच विषय निघतो, की आता पूर्वीची मिलिटरी राहिली नाही, चार वर्षांसाठी पोरं घेत्यात, शिस्त गेली, भरतीचं स्टँडर्ड गेलं. मी पण त्यात मान हलवायचो. पण सहा महिने दर रविवारी अकॅडमीत जाऊन जे बघितलं त्यानंतर मला वाटतं आपण बोट भलतीकडं दाखवतोय.

बोर्डावर लिहिलंय निवृत्त आर्मी ऑफिसर्सचं मार्गदर्शन. आत गेल्यावर कळलं संचालक फौजेत कधी नव्हतेच. पोरं त्यांना मेजर म्हणतात, आता आपल्याकडं कुठल्याही फौजीला गावात मेजर म्हणतातच त्याचं काही नाही, पण जो फौजीच नाही त्यानं ती हाक ऐकून घ्यावी हे मला पटलं नाही. शिकवणारे दोघंजण म्हणजे भरती देऊन देऊन वय निघून गेलेली पोरं. मेहनती आहेत, नाही म्हणत नाही, पण त्यांना जे कुणी शिकवलं नाही ते ते दुसऱ्याला कुठून शिकवणार. खरा फौजी एकच होता, एक रिटायर नाईक, पीटीचा कोर्स केलेला माणूस, त्याच्याबद्दल पुढं लिहितो.

आता शिस्त. ही अकॅडमी शिस्तीच्या नावावरच चालते, जाहिरातीत तोच शब्द मोठा आहे. पहाटे चारला शिट्टी, फॉलिन म्हणजे रांगेत उभं राहायचं, आणि मग शिव्या. आईबापावरून. उशिरा आलेल्याला खडीवर लोळवायचं, कोंबडा करायचं, एका पोराला पट्ट्यानं मारलेलं मी स्वतः पाठीवर बघितलं. आणि हे सगळं मोबाईलवर शूट करून मागं गाणं लावून रील टाकायची, त्या रील बघूनच पुढच्या बॅचचे आईबाप येतात, त्यांना वाटतं अरे वा इथं पोरगं सुधारेल.

बेळगावला आम्हाला रगडा कमी मिळाला नाही. फ्रंट रोल मारून मारून उलट्या झाल्यात, थंडीत पाठीवर पिठ्ठू म्हणजे वजनाची बॅग घालून ग्राउंडला चकरा मारल्यात. पण आमच्या उस्तादानं, म्हणजे शिकवणाऱ्यानं, नऊ महिन्यांत माझ्या अंगाला एकदाही हात लावला नाही आणि आईचं नाव कधी तोंडात घेतलं नाही. आम्ही पोचायच्या आधी ते ग्राउंडवर असायचे, त्यांचे बूट आमच्या आधी चमकायचे, पळताना ते पुढं असायचे. आणि रात्री लाइट बंद व्हायच्या आधी बराकीत येऊन एकेकाचे पाय बघायचे, फोड आलाय का, नखं कापलीत का, मोजे ओले आहेत का. लहान पोराचे बघावेत तसे. मला शिस्त कळली ती तिथं, आणि पुढं चोवीस वर्षं माझ्या हाताखालच्या जवानांचे पाय मी तसेच बघितले. अकॅडमीत सहा महिन्यांत कुणी कुणाचे पाय बघितले नाहीत, निम्म्या पोरांच्या नडग्या धरल्या होत्या तरी.

नडग्या का धरल्या ते पण सांगतो कारण हे प्रत्येक आईबापाला माहीत पाहिजे. पहिल्या आठवड्यापासून रोज डांबरी रस्त्यावर १६०० मीटर फुल टायमिंग. ज्या पोरानं दहावीनंतर पळणं बघितलं नाही त्याला पहिल्याच दिवशी घड्याळ लावायचं. पंधरा दिवसात नडगी दुखायला लागते, मग स्प्रे मारायचा, गोळी द्यायची आणि परत पळवायचं. ट्रायलच्या आदल्या दिवशी काही पोरांना कसलं तरी इंजेक्शन दिलं जातं हे भाच्यानं मला सांगितलं तेव्हा मी सरळ ऑफिसात गेलो. संचालक म्हणाले, सगळीकडं चालतं हो, तुमच्या पोराला नका देऊ. मी त्याच दिवशी त्याला काढणार होतो. थांबलो ते फक्त त्या नाईकांमुळं.

त्यांनी भाच्याला आणि अजून सात-आठ जणांना डांबरीवरून उचलून कॅनॉलच्या कच्च्या वाटेवर नेलं. पहिला महिना घड्याळच नाही, नुसतं पाच-सहा किलोमीटर बोलत बोलत पळायचं. नंतर चारशेचे तुकडे, मध्ये विश्रांती. त्यांचा हिशेब साधा होता, १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढायचं म्हणजे चारशेचे चार राउंड आणि प्रत्येक राउंड ८२ सेकंदात. पोरं काय करतात, पहिला राउंड सत्तर सेकंदात मारतात आणि तिसऱ्याला पाय जड होतात. त्यांनी ८२ सेकंद पायात बसवले. भाचा जानेवारीत ६ मिनिटं २५ सेकंदाला होता, जूनमध्ये ५:४१ ला आला, नडगी न धरता. बीमचं पण तसंच, आधी नुसतं लटकायला शिकवलं, मग निम्मं, मग पूर्ण, दोन वरून नऊ पुलअप्सवर नेला.

लेखीची बोंब आहे. २०२३ पासून आधी ऑनलाइन परीक्षा आणि त्यात पास झाला तरच ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी, पण अकॅडमी अजून जुन्याच पद्धतीनं चालली आहे, सगळा भर पळण्यावर आणि अभ्यास संध्याकाळी एक तास, तेव्हा पोरं बसल्या जागी झोपलेली असतात. जीडीला म्हणजे जनरल ड्युटी, साध्या शिपायाच्या भरतीला ५० प्रश्न, १०० मार्क, एक तास आणि चुकलं की मार्क कटतात. अकॅडमीत एक कॉम्प्युटर नाही. ज्या पोरानं कधी माउस धरला नाही त्याला झेरॉक्सवर प्रश्न सोडवून घेऊन सेंटरला पाठवायचं, मग तिथं घाबरणारच की. आम्ही त्याला शेवटचे दोन महिने रविवारी तालुक्याच्या नेट कॅफेत बसवलं, मॉक टेस्ट दिल्या. परीक्षा आता मराठीतून पण देता येते हे सुद्धा अकॅडमीतल्या बऱ्याच पोरांना माहीत नव्हतं.

एका पोराचं मला अजून वाईट वाटतं. नाव नको. पळण्यात सगळ्यात पुढं, ग्राउंडला पहिल्या गटात आला असता असा. त्याच्या दंडावर बाहेरच्या बाजूला महाराजांचा टॅटू. फौजेचा नियम स्पष्ट आहे, टॅटू हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत किंवा तळहाताच्या मागच्या बाजूला असला तरच चालतो, आदिवासी समाजाला वेगळी सूट आहे. हे ॲडमिशनच्या दिवशी शर्ट काढायला लावून सांगायला दोन मिनिटं लागतात. सांगितलं नाही, आठ महिने फी घेतली, आणि शेवटी कुणीतरी कानात येऊन सांगितलं की मेडिकलला सेटिंग करायचं असेल तर बघू. त्या पोराचा बाप ऊसतोडीला जातो. गुडघे जुळतात का, तळपाय सपाट आहे का, रंग ओळखता येतात का, हे सगळं पहिल्या दिवशी बघता येतं. बघत नाहीत कारण मग फी येणार नाही.

सेटिंग हा शब्द ऐकला की मला संताप येतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये ठाणे पोलिसांनी भरतीचा पेपर फोडणारी टोळी पकडली, त्यात भरती क्लास चालवणारे पण होते. २८ फेब्रुवारी २०२१ चा जीडीचा पेपर असाच फुटला आणि अख्ख्या देशात परीक्षा रद्द झाली, पुण्यात अटक झाली आणि तपास नोकरीतल्या अधिकाऱ्यापर्यंत गेला. त्यात प्रामाणिक पोरांचं वय गेलं, त्यात वरून कोविडमुळं दोन वर्षं भरतीच नव्हती. मला विचाराल तर दर्जा घसरला तो इथं, पोराच्या आणि फौजेच्या मधी जे लोक उभे राहिलेत त्यांचा.

आता पारावरच्या मंडळींसाठी आकडे. आपण म्हणतो टायमिंग ढिलं केलं. जुन्या जाहिरातीत ५ मिनिटं ४० सेकंदाला पूर्ण ६० मार्क होते आणि ६:२० पर्यंत येणाऱ्याला पण मार्क मिळायचे. मग ते कडक करून ५:३० आणि ५:४५ असे दोनच गट ठेवले, त्याच्या पुढं थेट बाहेर. २०२५ ला परत चार गट केले, ६:१५ पर्यंत. म्हणजे ढिलं झालं ते मधल्या काळाच्या मानानं, आपल्या वेळेपेक्षा नाही. पूर्ण मार्कासाठी आजच्या पोराला आपल्यापेक्षा दहा सेकंद जोरातच पळायला लागतं. छाती आजही ७७ सेंटीमीटर आणि फुगवून ५ जास्त, उडी मारायचा नऊ फुटी खड्डा आजही नऊ फुटीच आहे.

आणि पोरांच्या काळजाबद्दल कुणी बोलू नये. बुलढाणा जिल्ह्यातला अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला गेला, ड्युटीवर वीरमरण आलेला पहिला अग्निवीर. मुरली नाईक मूळचा आंध्रचा पण घाटकोपरला वाढलेला, मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी एलओसीवर शहीद झाला. दोघंही कोवळी पोरं. यांना कुणी चार वर्षांची पोरं म्हणलं की मला आता तिथं बसवत नाही.

काळजी मला वेगळ्या गोष्टीची आहे. आमची ट्रेनिंग नऊ महिने झाली, आता ३१ आठवडे. ते पण एकवेळ चालेल, खरी ट्रेनिंग पलटणीत होते. पण पलटणीत जवान तयार व्हायला वर्षं लागतात, सेक्शन कमांडरला, म्हणजे पलटणीतल्या छोट्या तुकडीच्या प्रमुखाला, कोण रात्री नीट झोपत नाही, कुणाच्या घरी काय चाललंय, कोण दबावात चुकतो हे कळायला वेळ लागतो, आणि इथं चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के राहणार आणि बाकीचे घरी. एकाच सेक्शनमधली पोरं चार वर्षं एकमेकांकडं बघत राहणार की कोण राहतो आणि कोण जातो. जानेवारी २०२३ ला ट्रेनिंगला गेलेल्या अग्निवीरांच्या पहिल्या बॅचची चार वर्षं २०२६ संपताना भरतात, त्यांच्यातल्या दोघांच्या घरी मी जातो, त्यांच्या आया मला विचारतात, मेजर, आमचा राहील का. मला उत्तर देता येत नाही.

परत रिव्ह्यूवर येतो. जेवण ठीक म्हणण्यासारखं पण नाही, डाळ पातळ, अंडी आठवड्यातून दोनदा, बोर्डावर रोज लिहिलंय. संडास तेवढे स्वच्छ होते, ते पोरंच धुतात. झोपायला हॉलमध्ये गाद्या, उन्हाळ्यात पत्र्याखाली झोप लागत नाही.

भाचा लेखी पास झाला, ग्राउंडला ५:४२ आला म्हणजे ४८ मार्क, पुलअप्स नऊ म्हणजे ३३, मेडिकल फिट. मेरिटला थोडक्यात राहिला. सख्ख्या मामाचं रिलेशन सर्टिफिकेट, म्हणजे फौजीशी नात्याचा दाखला, चालत नाही त्यामुळं बोनस मार्क नव्हते, लेखीत अजून चार-पाच प्रश्न पाहिजे होते. रडला नाही, घरी आला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पळायला गेला. वय १९ आहे, अजून संधी आहे.

पाचपैकी दोन स्टार देतोय आणि ते दोन्ही त्या नाईकांचे आहेत, अकॅडमीचे नाहीत. तुम्ही कुठंही टाकणार असाल तर शिकवणाऱ्याचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या नोकरीचा पुरावा, बघायला मागा, पळवायला माती आहे की डांबर ते बघा, कॉम्प्युटर किती आहेत ते मोजा, आणि पहिल्या दिवशी पोराचा शर्ट काढून, पाय बघून कुणी तपासतं का ते तिथंच उभं राहून बघा. १०० टक्के गॅरंटी म्हणणाऱ्याच्या दारातूनच मागं फिरा. साताऱ्यात करंजे नाक्याजवळ माजी सैनिकांच्या महामंडळाचं म्हणजे मेस्कोचं भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, आधी तिथं चौकशी करा. डिपॉझिटचे २ हजार आम्हाला अजून परत मिळालेले नाहीत, तीन वेळा फोन केला.

नाईकांनी ती अकॅडमी सोडली. आता ते आणि मी मिळून आमच्या गावच्या हायस्कूलच्या ग्राउंडवर रोज पहाटे साडेपाचला चौदा पोरं पळवतो, त्यात तीन पोरी आहेत. फी नाही. येताना पाण्याची बाटली आणायची आणि शूज जुने असले तरी चालतील पण मापाचे पाहिजेत, पळून झाल्यावर आम्ही दोघं पाय बघतो.