आठ महिने, सहा अल्बम, एक पेन ड्राइव्ह

गेल्या गणेशचवथीत गाडीतला पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला तर त्यात अकराशेच्या वर गाणी निघाली. त्यातली ऐकत होतो पंधरा-वीस. बाकीची लागली की बोट आपसूक पुढच्या बटणावर जायचं. वैतागून सगळं पुसलं आणि सहाच अल्बम भरले. लावला की पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, मधलं काही गाळायचं नाही, एवढा एकच नियम. फोंडा ते पणजी आणि परत, रोजची फेरी. एका बाजूला पाऊण तास, भोमला गाड्या तुंबल्या की तासाच्या वर. आता मे उजाडलाय, तेव्हा कोण टिकलं आणि कोण दमलं ते सांगता येईल.

आधी एक कटकट सांगतो, म्हणजे तुमचे दोन आठवडे वाचतील. माझ्या गाडीतला प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने लावत नाही, ज्या क्रमाने कॉपी केली त्या क्रमाने लावतो. मला हे कळेपर्यंत मी सगळे अल्बम उलटसुलट ऐकत होतो. फाइल्सच्या नावाआधी ०१, ०२ घालून काही झालं नाही. शेवटी पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला आणि एकेक फाइल हाताने टाकली. दुसरी गोष्ट, दोन अल्बम घरच्या जुन्या कॅसेटींवरून एका दुकानात उतरवून घेतले होते. त्या भल्या माणसाने प्रत्येक बाजूचा शेवट काही सेकंद आधीच कापलाय. भीमसेनांचा अभंग समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो न येतो तोच गप्प. पैसे देऊन झाले होते, भांडायला गेलो नाही.

पहिला दमला तो नाट्यगीतांचा, आणि याचं मला खरंच वाईट वाटलं. वेगवेगळ्या नाटकांतली निवडक पदं एकत्र केलेला संग्रह. जितेंद्र अभिषेकी मंगेशीचे, दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, आणि फोंड्याहून निघालं की फर्मागुडी, म्हार्दोळ करत दहा-पंधरा मिनिटांत मंगेशी येतंच. पहिला महिना ऊर भरून आला. दुसऱ्या महिन्यात डोकं दुखायला लागलं. कारण साधं आहे. प्रत्येक पद वन्स मोअरचं. नाटकात अशा पदाच्या आधी अर्धा तास संवाद असतात, कुणीतरी रुसलेलं असतं, कुणाचा तरी घात झालेला असतो. इथे मधलं सगळं काढून नुसत्या टाळ्यांच्या जागा ओळीने मांडल्यात. रोज जेवायला फक्त श्रीखंड. एक पद म्हणून कुठलंही लावा, अंगावर काटा येतो. अल्बम म्हणून मात्र हा संग्रह डिसेंबरात पेन ड्राइव्हवरून काढला.

गीतरामायणाच्या बाबतीत चूक माझी होती. ५६ गाणी, माडगूळकरांचे शब्द, फडक्यांची चाल आणि गळा. मी ती सलग लावली आणि तिसऱ्या दिवशी कंटाळलो, आणि कंटाळलो म्हणून स्वतःची लाज वाटली. मग लक्षात आलं की १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर हे सुरू झालं तेव्हा लोकांना आठवड्याला एकच गाणं मिळत होतं. वर्षभर पुरवून खाल्लेली गोष्ट मी तीन दिवसांत गिळायला निघालो होतो. तेव्हापासून सोमवारी सकाळी एक गाणं, मग आठवडाभर त्यातलं काही नाही. मध्ये सुट्ट्यांनी खाडे पडले, त्यामुळे मी अजून सेतूपर्यंत पोचलेलो नाही. नियम मोडला, पण अल्बम वाचला.

सगळ्यात जास्त वाजला ‘कॉल ऑफ द व्हॅली’. १९६७चा. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची आडवी ठेवून वाजवलेली गिटार. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. कल्पना एचएमव्हीच्या गो. ना. जोशींची, म्हणजे मराठी भावगीतं गाणाऱ्या आपल्याच माणसाची, हे मला कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. मूळ रेकॉर्ड चाळीस मिनिटांच्या आसपास, माझ्या प्रवासाला बेतून शिवल्यासारखी. फोंड्यात अहिर भैरव, बाणस्तारीच्या पुलावर पिलू, रायबंदरला नदी दिसायला लागली की पहाडी. पहिले दोन महिने मी संतूरच ऐकत होतो. जानेवारीत कधीतरी गिटार ऐकू यायला लागली. ती मिरवत नाही, बाकी दोघं श्वास घेतात तेवढ्यात खालून सूर ओढून धरते. आता संतूर मागे जातं आणि मी तिचीच वाट बघतो. नंतरच्या सीडीत शेवटी आणखी तुकडे जोडलेत. वाईट नाहीत, पण मेंढपाळ झोपल्यावर त्याला हलवून उठवल्यासारखं होतं. मी ते काढून टाकले.

गोव्याचा गायक रेमो फर्नांडिसचा १९८४चा ‘गोअन क्रेझी’ दोस्ताच्या आग्रहावरून घेतला. शिवोलीच्या घरात एकट्याने सगळी वाद्यं वाजवून रेकॉर्ड केलेला, आणि कॅसेटी पिवळ्या स्कूटरवरून स्वतः दुकानोदुकानी पोचवलेल्या. आवाज घरगुती आहे आणि तेच बरं वाटतं. शुक्रवारी संध्याकाळी परतताना उत्तम, सोमवारी सकाळी अजिबात नको.

आणि किशोरीताई आमोणकर. एका बाजूला राग भूप, दुसऱ्या बाजूला बागेश्री. खरं सांगायचं तर ही रेकॉर्ड मी ‘सहेला रे’साठी घेतली होती. त्याआधीचा विलंबित, संथ लयीतला ख्याल म्हणजे माझ्या लेखी स्टेशन येईपर्यंतची वाट. नियमामुळे तो ऐकावा लागला. भूपात सूर पाचच, मध्यम नाही, निषाद नाही. पाच सुरांत एवढा वेळ ही बाई करते काय, असा माझा अडाणी प्रश्न होता. चौथ्या महिन्यात भोमला गाडी बंद करून बसलो होतो, पुढे कंटेनर अडकलेला. बाहेर हॉर्नचा गोंगाट, आत त्या गंधारावर येऊन थांबल्या. येताना खालून आल्या होत्या. पुढच्या वेळी पंचमावरून उतरून आल्या. सूर तोच, पण दार वेगळं. त्या दिवशी पहिल्यांदा द्रुत, म्हणजे ‘सहेला रे’, सुरू झाली तेव्हा वाटलं, एवढ्यात? बागेश्री मात्र सकाळच्या उन्हात चालत नाही. ती रात्री जेवणं झाल्यावर घरी लावतो. आई भांडी पुसता पुसता म्हणते, “परत तेंच? कितलेंशें आयकता रे तूं?” पण बंद कर म्हणत नाही. परवा मी उठून बंद केली तर, “आसूं दी” म्हणाली.

एप्रिलअखेरीस कुर्डीला गेलो होतो. किशोरीताईंच्या आई मोगूबाई कुर्डीकर यांचा हा गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली असतो, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की घरांची जोती वर येतात. गाडीत भूप होता. सुकलेल्या, भेगाळलेल्या चिखलावर गाडी थांबवली आणि प्लेअर बंद केला. तिथे मोबाईलला रेंज नव्हती आणि कुणी काही बोलतही नव्हतं.

भीमसेनांचे अभंग शाबूत आहेत, फक्त तो कापलेला शेवट आता माझ्या कानात तसाच पक्का झालाय. परवा कुणाच्या तरी घरी पुरा अभंग लागला तर तो सम पार करून पुढे गेल्यावर मी दचकलो.

नाट्यगीतांची जागा रिकामी आहे. शेजारच्या काकांनी कोंकणी गाणी गाणाऱ्या लोर्नाची कॅसेट आणून दिलीय, ट्रंकेत होती म्हणाले. फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरलीय. पावसाच्या आत काहीतरी करायला हवं म्हणून पेन्सिल घालून हळूहळू फिरवून बघितली. पहिली बाजू सरळ फिरते, दुसरी सुरुवातीलाच अडकते.